कॅप्टनला ‘नाही’ कोण म्हणतं?

(लातूर इथं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळ सफरींची अमेरिकी मालिका बघणारे चार जण जमले की ‘कर्क भारी की पिकार्ड भारी’ हा वाद निघतोच. दोघंही ‘एंटरप्राइझ’ नावाच्या अंतराळजहाजाचे कॅप्टन: कर्कची मालिका १९६६ ते १९६९, पिकार्डची १९८७ ते १९९४. कर्क आधी उडी घेतो, पिकार्ड आधी बैठक बोलावतो, आणि वाद बहुतेक वेळा तिथंच घुटमळतो. मला त्यात फार रस नाही. कॅप्टनचा बेत फत्ते करायचा की फसवायचा, हे शेवटी पटकथा लिहिणाराच ठरवतो. मी बघतो ते वेगळंच. या जहाजावर कॅप्टनला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का? आणि म्हणणाऱ्याचं पुढं काय होतं?

या हिशेबानं कर्क आपल्याला वाटतो तेवढा आडदांड निघत नाही. ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात रोम्युलन या परग्रहावरच्या शत्रूंच्या जहाजावर हल्ला करायचा की नाही, यावर टेबलाभोवती चांगली जुंपते. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय युद्धाच्या ठाम विरोधात, कर्कचा परग्रही अधिकारी स्पॉक हल्ल्याच्या बाजूचा. कर्क सगळ्यांचं ऐकून घेतो आणि मग हुकूम देतो. पण रोम्युलन लोक स्पॉकसारखेच दिसतात म्हणून एक अधिकारी स्पॉकवर संशय घ्यायला लागतो, तेव्हा कर्क त्याला तिथल्या तिथं झापतो. मतभेद चालतील, द्वेष चालणार नाही.

पिकार्डबद्दल बोलण्यापेक्षा मी त्याच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्याबद्दल बोलतो. १९९२ चा ‘चेन ऑफ कमांड’ हा भाग बघा. पिकार्डला गुप्त मोहिमेवर पाठवतात आणि एंटरप्राइझवर कॅप्टन जेलिको येतो. आल्या आल्या फर्मान: तीन पाळ्या बंद, आजपासून चार. पहिला अधिकारी रायकर विभागप्रमुखांशी बोलतो, ते कुरकुरतात, आणि हुकूम तसाच पडून राहतो. खटके वाढत जातात आणि शेवटी जेलिको रायकरला कामावरून बाजूला करतो. चाहते जेलिकोला शिव्या घालतात. मला विचाराल तर तो निम्मा बरोबर होता. युद्ध तोंडावर आलेलं, अशा वेळी रायकरनं चालढकल करायला नको होती.

पण पुढचा प्रसंग नीट बघा. शत्रूच्या जहाजांवर सुरुंग पेरायला सगळ्यांत तरबेज चालक हवा, आणि तो म्हणजे नेमका रायकरच. जेलिको त्याच्या खोलीत जातो, हुद्दे बाजूला ठेवून बोलू म्हणतो. रायकर मनातलं सगळं ओकतो. जेलिकोही काही मागं राहत नाही. या कामाचा हुकूम देणार नाही, असं जेलिको म्हणतो, तेव्हा रायकरचं उत्तर एवढंच: मग विनंती करा. कॅप्टनला विनंती करावी लागते. एवढ्या गर्विष्ठ माणसाला ते किती जड गेलं, हे चेहऱ्यावर दिसतं.

आता ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ या मालिकेतली त्याच नावाच्या जहाजाची कॅप्टन जेनवे. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर, परतायला पंचाहत्तर वर्षं. एंटरप्राइझवर नाही पटलं तर बदली तरी मागता येते, इथं जाणार कुठं? २०१६ साली मिरजहून रेल्वेनं आपल्याकडं पाणी आलं, ते दिवस घरच्यांना विचारा. टँकरपुढच्या रांगेत पाइप ज्याच्या हातात, त्याच्याशी कोण भांडतं? १९९६ च्या ‘टुव्हिक्स’ या भागात तेच होतं. अपघातात टुवॉक आणि नीलिक्स हे जहाजावरचे दोघं मिळून एकच नवा जीव तयार होतो. त्याला मारून दोघांना परत आणायचं, असं जेनवे ठरवते. तो जीव ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, एकेकाकडं बघत गयावया करतो, आणि कुणी तोंड उघडत नाही. ‘नाही’ म्हणतो तो एकटा डॉक्टर. तोही हाडामांसाचा माणूस नाही, संगणकानं उभी केलेली आकृती! मग जेनवे ते काम स्वतःच्या हातानं करते. दुसऱ्यावर ढकललं नाही, ही तिची जमेची बाजू. पण तिच्या जहाजावर चढायचा माझा धीर होणार नाही.

‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ या दुसऱ्या अंतराळ मालिकेतला सेनानी ॲडामा तर विरोधात गेलेल्या राष्ट्राध्यक्षांनाच कोठडीत टाकतो आणि त्यापायी अख्खा ताफा फुटतो. त्यावर कधीतरी सवडीनं बोलू.

राहिला सिस्को, ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतला अंतराळतळाचा प्रमुख. १९९८ च्या एका भागात तो रोम्युलनांना आपल्या बाजूनं युद्धात ओढायला खोटा पुरावा तयार करवतो. त्यासाठी एक धोकादायक द्रव्य लागतं, ते डॉक्टर बशीरच्या ताब्यात. बशीर काय म्हणतो? लेखी आदेश द्या. वर अधिकृत निषेधही नोंदवणार म्हणतो. सिस्को चिडत नाही, मिळेल म्हणतो. शेवटी प्रेक्षकांकडं बघत सगळी कबुली देतो आणि आपली ती खाजगी नोंद पुसून टाकतो. पण बशीरनं मागितलेला कागद असा पुसता येत नाही. माझ्या मते त्या भागात सगळ्यांत शहाणा हा डॉक्टरच.

चला, आता तुमचे प्रश्न. जेनवेच्या बाजूचे आधी बोलू द्या, मघापासून चुळबूळ दिसतेय.