तेलात बुडल्यावर पांढरा जातो कुठे?

(अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात, वाचनालयाच्या ओट्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

माईक गेला तरी हरकत नाही. तीस वर्षं फळ्यासमोर ओरडलोय, मागे लिंबाखाली बसलेल्यांनाही ऐकू येईल.

इथं ताटात दोन वाती आहेत. एक कोरडी, दुसरी मी आत्ताच गोडेतेलात बुडवली. कोरडी पांढरीशुभ्र आहे. तेलातली बघा. ती मळली नाही, तिला कुठला रंग लावला नाही, पण पांढरी काही राहिली नाही. पाणीदार झाली. आयाबाया हे रोज सांजवातीला बघतात. मी भौतिकशास्त्र शिकवत होतो, तरी चाळिशी उलटेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता, की पांढरा गेला कुठे? तेलात उतरला म्हणावं, तर तेल पांढरं झालेलं नाही.

तो वातीत नव्हताच. बोंड हिरवं असतं तेव्हा कापसाचा एकेक तंतू म्हणजे रसानं भरलेली नळी असते. बोंड फुटलं की रस आटतो, नळी चपटी होते, पीळ खाते आणि आत चिंचोळी पोकळी उरते. तंतू ज्याचा बनलाय ते सेल्युलोज स्वतः बिनरंगी, आरपार दिसणारं. पण प्रकाश हवेतून तंतूत शिरताना थोडा परत फिरतो, तंतूतून पोकळीत उतरताना थोडा, पुढच्या तंतूवर आणखी थोडा. असा हजार ठिकाणी धडकून चारी बाजूंना उधळलेला उजेड, ज्यातला कुठलाच रंग कुणी गिळलेला नाही, त्याला आपला डोळा पांढरा म्हणतो. मीठ, साखर, दुधावरचा फेस, फुटलेल्या काचेचा चुरा, सगळ्यांची हीच गोष्ट. तेल त्या फटींत शिरतं. प्रकाशाच्या लेखी तेल आणि तंतू जवळपास सारखेच, त्यामुळे परत फिरायला बांधच उरत नाही. तो सरळ पार निघून जातो. भज्यांचा कागद जिथं तेल पितो तिथं आरपार दिसायला लागतो, तेही ह्यामुळंच.

म्हणजे पांढरा होता तो फटींमध्ये. व्यापारी कवडीचा, म्हणजे डागाळलेल्या कापसाचा, भाव पाडतो आणि पांढऱ्याशुभ्र कापसाला चांगला देतो, म्हणजे तो रिकाम्या जागेचेच पैसे मोजतो की! काट्यावर मात्र रिकामी जागा धरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. (हशा)

आता नीलकंठ. दसऱ्याला दिसावा म्हणून आपण शिवारात माना वर करून फिरतो. मराठीत त्याला चास म्हणतात, नीलपंखही म्हणतात, आणि नीलपंख हेच खरं नाव, कारण त्याचा गळा निळा नाहीच. तपकिरी-जांभळट, वर पांढरट रेघा. निळाई पंखात, तीही उडताना उघडते. तारेवर बसलेला नीलकंठ तर ओळखूही येत नाही पटकन.

ह्या पंखात निळा रंग नाही. पळसाची फुलं उकळली की रंग पाण्यात उतरतो, आपण लहानपणी होळीला तेच खेळायचो. नीलकंठाचं गळालेलं पीस उकळून बघा, पाण्यात निळा थेंबभर उतरणार नाही. ते पीस उजेडासमोर धरून पलीकडून बघा, निळा जातो, तपकिरी राहतो. आपली नखं ज्या जातीच्या पदार्थाची, त्याच जातीचं पीस. त्यात हवेची छिद्रं आहेत, इतकी बारीक की केसाच्या जाडीत शेकडो ओळीनं मावतील. कापसातल्या फटी मोठ्या, वेड्यावाकड्या, म्हणून त्या सगळे रंग सारखेच परतवतात. पिसातली छिद्रं निळ्या प्रकाशाच्या लहरीच्या मापाची, जवळपास सारख्या अंतरावर. तिथून निळा तेवढा जोरात परततो, बाकीचा उजेड मागचा काळपट थर पिऊन टाकतो.

चंद्रशेखर व्यंकट रमण ह्यांनी 1934 साली नेमक्या ह्याच पक्ष्याच्या पिसांवर लेख लिहिला. नोबेल मिळून चार वर्षं झाली होती, आणि हा माणूस पिसं भिंगाखाली धरून बसला होता. 1910 च्या सुमारास ते नागपुरात हिशेबखात्यात नोकरीला होते. तेव्हा त्यांनी आपल्याकडचा नीलकंठ पाहिला असेल का, असं मला उगाच वाटत राहतं.

पुढे बसलेल्या आजी विचारताहेत, "मंग त्याचा निया रंग खोटा हाय का?" खोटा नाही, आजी. न्यूटननं 1704 च्या ग्रंथात लिहून ठेवलंय की किरण स्वतः रंगीत नसतात, रंगाची जाणीव उठवण्याचा गुण तेवढा त्यांच्यात असतो. त्या हिशेबानं पळसाचा केशरीही तेवढाच खरा. फरक इतकाच, की पळसाचा रंग पाण्यात उतरतो, नीलकंठाचा उतरत नाही, आणि लोणार सरोवराचा तळाशी बसतो. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले. खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले. ते खाली बसले की वरचं पाणी नितळ.

आणि उजेड दिसतो असं आपण म्हणतो, तेही अर्धंच खरं. रात्री ओलिताला जाता, बॅटरी आभाळाकडे धरता. धुकं असलं तर पांढरा दांडा दिसतो. हवा निवळ असली तर जवळजवळ काहीच नाही. वाटेत अडवणारं कुणी असलं तरच उजेडाचा पत्ता लागतो. दिवसाचं आभाळ निळं, कारण हवेचे रेणू निळ्याला तांबड्यापेक्षा चार-पाच पट जास्त विखुरतात. हवेच्या वर गेलं की सूर्य डोक्यावर तळपतोय आणि आभाळ काळं.

एक पोरगा विचारतोय, मग काळा म्हणजे काहीच नाही का? आपली काळी माती काहीच नाही असं तुझ्या आजोबांना म्हणून बघ! ती उजेड गिळते, म्हणून तर वैशाखात वावरात अनवाणी पाय टाकवत नाही. पहिल्या पावसात ती आणखी काळी होते, ती वातीचीच करामत: फटींत पाणी शिरतं, परतणारा उजेड कमी होतो.

रात्रीच्या आभाळाचा काळा मात्र वेगळा. 1823 साली ओल्बर्स नावाच्या जर्मन डॉक्टरानं विचारलं, तारे जर सगळीकडे, कायमचे असतील, तर नजर जाईल तिथं तारा हवा आणि रात्र लख्ख हवी. ती तशी नाही, कारण विश्वाला वय आहे, सुमारे 1380 कोटी वर्षं. फार लांबचा उजेड अजून वाटेतच आहे, पोचायचाय. आणि सगळ्यांत जुना पोचलाय तो वाटेत इतका ताणला गेला, की डोळ्याला दिसत नाही, रेडिओलहरी झालाय. 1965 साली अमेरिकेत दोघांना तो अँटेनातली खरखर म्हणून सापडला.

आमच्या घरी कवेलूवर टीव्हीचा अँटेना होता. चॅनेल गेलं की पडद्यावर मुंग्या. त्या मुंग्यांत शंभरातली एखादी ह्या उजेडाची असायची. धाकटा भाऊ वर चढून दांडा फिरवायचा, मी खालून ओरडायचो, "आल्या रे, आल्या! फिरव अजून!"