५.६.१+रिअली५.४.५-१ : एवढा लांबलचक नंबर का?

स्क्रीनवर ही जी ओळ दिसतेय ना, ती नीट बघा. एक्सझेड-युटिल्स, म्हणजे फाइल कॉम्प्रेस करणारं टूल, आणि त्याचं व्हर्जन ५.६.१+रिअली५.४.५-१. बघणाऱ्याला वाटेल टाइप करताना कोणाचा तरी हात घसरला, पण नाही, डेबियन या लिनक्सच्या सिक्युरिटी टीमने हा नंबर पूर्ण विचार करून दिलाय.

मार्च २०२४. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला दिसलं की एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, तो मागेच लागला आणि शोधत शोधत पोचला थेट एक्सझेडपर्यंत. ५.६.० आणि ५.६.१, दोन्ही रिलीजमध्ये बॅकडोअर, म्हणजे आत शिरायला लपवलेला चोरदरवाजा. २९ मार्चला त्याने जाहीर केलं.

तोवर डेबियन अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवी व्हर्जन आधी येतात त्या शाखेत, ५.६.१ आलेलं होतं. मग जुनं ५.४.५ परत टाका की, झालं! तर तसं होत नाही. आता हे टर्मिनल बघा, दोन नंबरांची तुलना चाललीये. एपीटी, म्हणजे डेबियनवर पॅकेज टाकणारं आणि अपग्रेड करणारं टूल, आपणहून फक्त वरच जातं, ५.४.५ त्याच्या हिशोबाने लहान, म्हणजे अपग्रेड मारत बसलात तरी मशीनवर खराब ५.६.१ तसंच राहणार. म्हणून पुढे ५.६.१ ठेवलं आणि त्याला +रिअली५.४.५ जोडलं, एपीटीला नंबर मोठा दिसतो, आतला कोड मात्र जुना, चांगला. डॅशनंतरचा १ डेबियनचा स्वतःचा, पॅकेजिंग बदललं की तो वाढतो.

दुसरी सोय होती इपॉकची, सगळ्यात पुढे १ आणि कोलन, मग एपीटी आधी तो आकडा बघतं आणि बाकीचा नंबर नंतर. पण इपॉक एकदा लागला की निघत नाही, हे विम या एडिटरचं पॅकेज बघा, २:९.०.१३७८-२, तो पुढचा २ आता प्रत्येक व्हर्जनला लावावाच लागतो. +रिअली मात्र पुढचं मोठं व्हर्जन आलं की आपोआप जातं, आणि म्हणूनच मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

डेबियनची पक्की शाखा, म्हणजे स्टेबल, वापरणाऱ्यांकडे ५.४.१ होतं, ते वाचले.

स्टेबलवरचे नंबरही असेच फसवे वाटतात. आता हा सिक्युरिटी स्कॅनरचा रिपोर्ट. डेबियन १२ वरचं ओपनएसएसएच ९.२, म्हणजे एसएसएचचं सॉफ्टवेअर, शेजारी लाल शेरा, 'जुनं'. अहो, पण पुढचं वाचा ना, +डेब१२यू आणि त्यापुढे आकडा! सिक्युरिटीचा फिक्स नव्या व्हर्जनमधून काढून पॅकेज सांभाळणारे मेंटेनर लोक जुन्यात बसवतात आणि तो शेवटचा आकडा वाढवतात, हे काम कोणाला दिसतच नाही. एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर, एवढी कमांड मारा, कुठला सीव्हीई, म्हणजे नंबर दिलेली सिक्युरिटीची त्रुटी, कधी बंद केला ते तिथे लिहिलेलं असतं.