हळू पळायचं की जोरात? साठीच्या उंबरठ्यावरचं भांडण

पहाटे मरीन ड्राइव्हवर पन्नाशी-साठीतली मंडळी पळताना काय बोलतात ते ऐका एकदा, इलेक्शनपेक्षा जोरात वाद चालू असतो. एक पार्टी म्हणते हळू पळा, बेस बनवा, म्हणजे दमाचा पाया पक्का करा. दुसरी म्हणते या वयात हळू पळाल तर अजून हळू व्हाल, इंटरव्हल मारा, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं, असं आलटून पालटून पळा.

हळूवाल्यांचं दैवत म्हणजे एड व्हिटलॉक. कॅनडातल्या मिल्टन गावचे रिटायर्ड इंजिनिअर, कोच वगैरे काही नाही, घराजवळच्या कब्रस्तानात तासन् तास संथ चकरा मारायचे. आणि २००४ला टोरांटोत, वय ७३, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद! आपल्याकडे तिशीतली पोरं सब-थ्री, म्हणजे तीन तासांच्या आत, झाली की वर्षभर डीपी बदलत नाहीत.

जोरातवाले मग जीन डाइक्सना पुढे करतात. हे अमेरिकन, रिटायर्ड प्रोग्रॅमर, कोच लावलेला, स्पीडवर्क म्हणजे जोरात पळायचा सराव, वर २०० मैलांच्या अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब रेस. डिसेंबर २०१८, वय ७०, मॅरेथॉन २:५४:२३. म्हणजे २५ सेकंदांनी फास्ट, पण त्या रेसला फेडरेशनची मान्यता नव्हती म्हणून रेकॉर्ड धरलाच नाही.

गंमत अशी की व्हिटलॉक वर्षभर छोट्या रेस पण भरपूर पळायचे आणि तिथे जीव तोडून पळायचे, हे हळूवाले सांगतच नाहीत.

आता हळूवाल्यांचा १८० वजा वय हा फॉर्म्युला घ्या, पळताना हार्ट रेट जास्तीत जास्त किती ठेवायचा त्याचा. वय ५८, म्हणजे हार्ट रेट १२२च्या वर न्यायचा नाही. कागदावर मस्त आहे हो, पण मे महिन्यातल्या दमट मुंबईत अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे पळतं, त्याच पेसला, म्हणजे वेगाला, हार्ट रेट चढतो आणि १२२ सांभाळायचं तर चक्क चालावं लागतं, मागून मॉर्निंग वॉकच्या आजी ओव्हरटेक करून जातात. दुसरीकडे जोरातवाल्यांचं ते नॉर्वेवालं फोर बाय फोर इंटरव्हल, चार मिनिटं जवळजवळ फुल दम, तीन मिनिटं हलकं, असं चारदा. फायदा खरा आहे, वयाबरोबर व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, घसरतो आणि जोराचा व्यायाम ती घसरण कमी करतो. फक्त दम तासाभरात परत येतो, पोटरी आणि टाचेमागची शीर चार-चार दिवस कुरकुरत राहते.

म्हणून माझं मत विचाराल तर दोन्ही करा, पण दोन जोराच्या दिवसांमध्ये किती दिवस सोडता ते बघा. तिशीत एक दिवस पुरायचा, आता तीन लागतात, कधी चार. बरेच अनुभवी रनर तर सात दिवसांचा आठवडाच सोडून देतात, नऊ-दहा दिवसांचं चक्र धरतात, त्यात एक इंटरव्हल, एक लाँग रन, बाकी सगळं हलकं आणि थोडं वजन उचलणं. अडचण एकच, मग आपला लाँग रन ग्रुपच्या रविवारी येतच नाही, तो मंगळवारी ऑफिसच्या आधी एकट्यानं उरकायचा आणि रविवारी ग्रुपबरोबर फक्त इडली-चहाला जायचं, बायकोला वाटतं पळायला गेलेत.