माळ्यावरचा खोका खाली काढा

नमस्कार मंडळी,

आज मी खेळण्यांबद्दल बोलणार आहे, आणि ऐकणाऱ्यांतले बरेचजण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असतील हे धरूनच बोलणार आहे. मुलांच्या नाही, नातवंडांच्याही नाही, आपल्या स्वतःच्या खेळण्यांबद्दल. म्हणजे मेकॅनोच्या भोकाभोकांच्या पट्ट्या, बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान, प्लास्टिकच्या किटमधून जोडलेलं जहाज, आणि ज्यांचा कुणी काका-मामा फॉरेनला होता त्यांच्या घरची ती खाचेतून सुसाट पळणारी रेसिंग कार. यातलं काहीतरी तुमच्याही माळ्यावर एखाद्या खोक्यात असेल, आणि नसलं तरी डोक्यात नक्की असेल. माझं म्हणणं एवढंच आहे की ते खाली काढा, आणि आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवायला नाही तर खेळायला काढा, कारण लहानपणी आपण ते खेळलो खरे पण ते नक्की काय होतं हे तेव्हा अर्धंच कळलं होतं.

आधी त्या गाडीचं सांगतो, कारण माझा जीव त्यात जास्त अडकलेला आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच घरी असा सेट होता, त्या मुलाच्या काकांनी लंडनहून आणलेला. कंट्रोलर घरच्या मुलांच्या आणि मोठ्या पोरांच्या हातात, आम्हा लहानांचं काम म्हणजे वळणापाशी मांडी घालून बसायचं आणि गाडी उडाली की उचलून परत खाचेत लावायची. त्यासाठीसुद्धा नंबर लावायला लागायचा, आणि तो लागला की आम्हाला अख्खी दुपार कमी पडायची.

ही गाडी काढली फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्लिश माणसाने. त्याची मिनीमॉडेल्स नावाची कंपनी होती आणि ती 1952 पासून स्केलेक्स नावाच्या पत्र्याच्या, आतल्या स्प्रिंगवर पळणाऱ्या गाड्या करायची. स्प्रिंगची गाडी एकदा सोडली की सोडली, ती कुठे जाईल आणि कुठे थांबेल ते तिच्या मर्जीवर. मग त्याने त्याच गाडीत विजेची मोटर बसवली, रबराच्या ट्रॅकला खाच पाडली, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या टाकल्या, आणि 1957 च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ते मांडलं. त्याचं नाव झालं स्केलेक्स्ट्रिक. मागणी इतकी आली की छोट्या कंपनीला झेपेना, आणि पुढच्याच वर्षी त्याने कंपनी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या खेळणीवाल्यांना विकून टाकली. पण मुख्य गोष्ट करून झाली होती, खेळणाऱ्याच्या हातात गाडीचा वेग आला होता.

आता ते चालतं कसं? गाडीच्या पोटाखाली पुढे एक पातं असतं ते खाचेत बसतं, त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या चपट्या वाद्या असतात, त्या ट्रॅकच्या पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटरला साधारण 12 व्होल्टचा करंट मिळतो. हातातल्या कंट्रोलरमध्ये, निदान जुन्यात तरी, रेझिस्टन्स वायरचं वेटोळं असतं. ट्रिगर दाबला की त्यावरून एक कॉन्टॅक्ट सरकतो, अडथळा कमी होतो, गाडी पळते. बराच वेळ खेळल्यावर कंट्रोलर गरम व्हायचा आठवतं का? लहानपणी वाटायचं की गाडी दमली. तर मोटरला न दिलेली वीज त्या तारेत उष्णता होऊन जात होती, इतकं सरळ होतं ते. आणि चांगल्या कंट्रोलरमध्ये ट्रिगर सोडला की मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात, गाडी पुढे जातच असते त्यामुळे मोटर क्षणभर जनरेटर बनते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. हे समजल्यावर मी नुसता ट्रिगर दाबत-सोडत बसलो होतो, पहिल्यांदा बोटाला कळत होतं की आत काय चाललंय.

आणि ते वळण! गाडी वळणावरच का उडते? सरळ रस्त्यावर पातं गाडीला फक्त दिशा देतं, वळणावर त्याला बराच भार घ्यावा लागतो, आणि गाडीला बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट. म्हणून वळणाच्या आधी ट्रिगर जरासा सोडला तरी फरक भरपूर पडतो, आणि वळणात शिरल्यावर घाबरून सोडला तर उशीर झालेला असतो. ती मोठी पोरं हे बोटांनी शिकली होती, कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. वळणाआधी सोडायचं, अर्धं वळण झालं की हळूहळू दाबत बाहेर पडायचं, खऱ्या रेसिंगचे ड्रायव्हरही हेच करतात. या गाड्या बहुतेक 1:32 मापाच्या असतात, म्हणजे खरी गाडी चार मीटरची तर ही साडेबारा सेंटिमीटर. हिने सेकंदाला तीन मीटर कापले तर त्याच मापात खऱ्या गाडीचा वेग ताशी 345 किलोमीटरच्या आसपास निघतो, तेही दिवाणखान्यातल्या सतरंजीवर.

मी मध्यंतरी एक जुना सेट सेकंडहँड मिळवला. पट्ट्यांवर गंज होता, आपल्याकडच्या पावसाळी हवेत लोखंडी पट्टी गंजणारच, तर साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासलं की बराचसा निघतो आणि नंतर ट्रॅक ठेवताना खोक्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकायची. टायरवर धूळ बसली की पकड जाते, ते चिकटपट्टीवर फिरवले की साफ होतात. तांब्याच्या वाद्या विस्कटलेल्या असतात, त्या बोटांनी सरळ करून जरा खाली वाकवायच्या. बस, एवढ्यावर कितीतरी बंद गाड्या चालू होतात. नंतरच्या बऱ्याच गाड्यांना पोटाखाली लोहचुंबक असतं, ते लोखंडी पट्ट्यांना धरून ठेवतं त्यामुळे गाडी वळणावर चिकटून जाते. शौकीन लोकांत यावर वाद आहेत, माझं मत स्पष्ट आहे, चुंबक काढून टाका. वेग कमी होईल पण गाडीचं शेपूट वळणावर सरकायला लागेल, ते सांभाळण्यातच तर खेळ आहे. 2004 पासून डिजिटल सेटही आलेत, त्यात एकाच खाचेत अनेक गाड्या पळतात आणि लेन बदलता येते, मुलांना ते आवडतं. मला आपल्या दोन खाचा पुरतात.

बरं, गाडी हा वेगाचा शौक झाला. दुसरा शौक अगदी उलटा, चिकाटीचा, म्हणजे मॉडेल जोडायचा. प्लास्टिक किटचं नाव काढलं की एअरफिक्स आठवतं. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन माणसाने 1939 साली इंग्लंडमध्ये ही कंपनी काढली, सुरुवातीला हवा भरायची रबरी खेळणी, मग प्लास्टिकचे कंगवे, आणि कंगवे करायच्या, वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवरच पुढे 1949 मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचं मॉडेल निघालं, ते ट्रॅक्टर कंपनीच्या सेल्समनसाठी होतं. 1952 मध्ये गोल्डन हाइंड हे जहाज साध्या प्लास्टिकच्या पिशवीत सुटे भाग घालून विकायला आलं, आणि तिथून पुढे जगभरच्या पोरांची बोटं गोंदाने चिकट व्हायला लागली.

लहानपणी किट हातात आलं की संध्याकाळपर्यंत विमान पंख्याला टांगलेलं असायचं. आता तसं नको, आता मजा वेगळीय. तो गोंद बघा, तो फेविकॉलसारखा चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की तिथे सांधा राहत नाही, एकच तुकडा होतो. म्हणून गोंद ब्रशने थेंबभर लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. मग फट राहिली असेल तिथे लांबी भरायची, आपले पेंटर दाराला भरतात तशीच पण सुईच्या टोकावर मावेल इतकी, वाळली की पॉलिश पेपर, आधी 400, मग 600, मग 1000 नंबर पाण्यात भिजवून. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर. प्रायमर मारला की सगळे दोष दिसतात आणि परत पॉलिश पेपर. एक खास आपल्या हवेची गोष्ट, भर पावसाळ्यात लॅकर स्प्रे करू नका, हवेतल्या दमटपणाने रंग पांढुरका पडतो, पाऊस उघडायची वाट बघा.

आणि या शौकातून माणूस कुठे जाऊन पोचतो! एअरफिक्सचं नॅट या छोट्या जेट विमानाचं किट आहे, 1:72 मापाचं, रेड ॲरोजच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या पथकाच्या लाल रंगातलं. नॅट म्हटल्यावर आपल्याला लाल रंग थोडाच आठवणार, आपल्याला आठवतात नॅट घेऊन लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, 14 डिसेंबर 1971, श्रीनगर, परमवीर चक्र. मग वाटतं हे किट आपल्या हवाई दलाच्या रंगात करावं, केशरी-पांढरा-हिरवा गोल लावावा. शोधायला लागलो की कळतं, रेड ॲरोजवालं नॅट दोन सीटचं ट्रेनर आहे, सेखोंचं एका सीटचं फायटर, नाक वेगळं, पंख वेगळे, लांबीसुद्धा कमी. म्हणजे आता कापाकापी आली, फोटो बघणं आलं, बंगलोरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ही विमानं बांधली ते वाचणं आलं. तळहातावर मावणाऱ्या त्या तुकड्यासाठी मी जेवढा इतिहास वाचला तेवढा परीक्षेसाठी कधी वाचला नव्हता, आणि तो लक्षातही राहिला. त्या विमानात एकच माणूस बसायचा, एवढ्याशा जागेत, हे हातात धरल्यावर जे वाटतं ते पुस्तकाच्या पानावर नाही वाटत.

कुणी म्हणेल, आमच्या घरी कुठली स्केलेक्स्ट्रिक आणि कुठली एअरफिक्स. अहो पण दिवाळीत किल्ला केलाच असेल ना? विटा रचून, पोतं टाकून, वर माती थापून, अळीव पेरून, बुरुजावर मावळे आणि वर सिंहासनावर महाराज. ते मॉडेल मेकिंगच होतं की! फरक एवढाच की तेव्हा किल्ला मनातला असायचा. आता एकदा राजगड करून बघा, खराखुरा, नकाशा समोर ठेवून. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना आणि मधे उंच बालेकिल्ला, हे मातीत बसवायला गेलात की पहिला प्रश्न मापाचा येतो, उंची त्याच मापात घेतली तर किल्ला चपटा वाटतो, म्हणून उंची थोडी वाढवून घ्यावी लागते. संजीवनीची दुहेरी तटबंदी करताना तर त्या बांधणाऱ्यांची अक्कल हाताला समजते. सोसायटीतल्या मुलांना बरोबर घ्या, पण स्वतः चिखलात हात घाला, नुसत्या सूचना देत खुर्चीत बसू नका.

आणि हा नाद मोठेपणी कुठवर नेता येतो ते बघायचं असेल तर पुण्यात कर्वे रोडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या या वेडाचं 1998 साली लोकांसाठी म्युझियम झालं. अख्खं शहर आहे, गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात. मुलांना घेऊन गेलेले बाबा लोक तिथे जास्त रेंगाळतात, मी पाहिलंय, मुलं हात ओढतात आणि बाबा हलत नाहीत.

आता ज्यांना आजच सुरू करायचंय त्यांच्यासाठी. पहिलं किट छोटं आणि कमी भागांचं घ्या, एका इंजिनाचं विमान पुरे. एक चांगला कटर, चिमटा, पॉलिश पेपर आणि गोंद, बाकी हळूहळू. चाळिशी लागली असेल तर दिवा लावलेलं भिंग घ्या, त्यात कसलाही कमीपणा नाही, मी घेतलंय. गोंद आणि थिनरचा वास डोक्यात जातो म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि स्प्रे करताना मास्क लावा. आणि ज्यांच्या माळ्यावरून खरंच जुना रेसिंग सेट खाली येणार आहे त्यांनी उत्साहात लगेच प्लग लावू नका, इतक्या वर्षांत ट्रान्सफॉर्मरच्या वायरचं रबर तडकलेलं असू शकतं, आधी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा, तो वायर बदलून देईल, मग खुशाल ट्रॅक मांडा.

नमस्कार.