खिशातली चिप आणि दूरची वही

नमस्कार श्रोतेहो.

राष्ट्रीय ओळखपत्रात इलेक्ट्रॉनिक चिप बसवायची म्हटलं, की पहिली भीती वाटते ती गर्दीची. आपण रांगेत उभे आहोत, शेजारून कुणीतरी जातो, त्याच्या पिशवीत कार्ड वाचायचं यंत्र आहे, आणि आपलं कार्ड खिशातच असताना नाव, जन्मतारीख, फोटो सगळं त्याच्या हाती लागतं. ही भीती खुळी नाही, म्हणून आधी तिचंच बोलू.

या चिपला बॅटरी नसते. रीडरजवळ कार्ड नेलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती जागी होते. हे अंतर साधारण 10 सेंटीमीटरचं. मोठी अँटेना लावून संशोधकांनी ते थोडं वाढवून दाखवलंय. पण रस्त्यापलीकडून कार्ड वाचता येईल, असं काही नाही. शिवाय चिपला कुलूप असतं. ते उघडायला कार्डावरच छापलेले आकडे लागतात. म्हणजे कार्ड ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्यालाच आतलं दिसावं. पहिल्या पिढीच्या ई-पासपोर्टमध्ये, म्हणजे अशीच चिप असलेल्या पासपोर्टमध्ये, हे कुलूप तकलादू होतं. पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांतून किल्ली बनायची, आणि अशा गोष्टींचा अंदाज बांधता येतो. पुढे कुलपं सुधारली. ती सुधारली याचं कारण कुणीतरी चिकाटीनं ती उघडून दाखवली, हे विसरू नका.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कुलूप न उघडताही माग काढता येतो. रीडरशी बोलणं सुरू करताना चिप आधी स्वतःचा एक क्रमांक सांगते. तो क्रमांक कायम एकच राहिला, तर आपलं नाव न कळताही ‘सकाळी या दारातून गेलेलं कार्ड संध्याकाळी त्या दारातून बाहेर पडलं’ एवढं कुणालाही कळेल. म्हणून नीट बनवलेलं कार्ड दर वेळी वेगळाच क्रमांक सांगतं. तुमच्या हाती चिपचं कार्ड येणार असेल, तर हा प्रश्न जरूर विचारा.

बरं, सगळं नीट बनवलं तरी चूक राहतेच. एस्टोनिया हा जेमतेम 13 लाख वस्तीचा देश. तिथं या कार्डानं लोक कागदपत्रांवर सही करतात, घरबसल्या मतदानसुद्धा करतात. 2017 साली चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की त्या चिपमध्ये गुप्त किल्ली, म्हणजे जिच्या जोरावर कार्ड सही करतं तो गुप्त आकडा, तयार करण्याची रीतच सदोष आहे. ती सही तपासायला एक जोडकिल्ली सर्वांना उघड दिलेली असते; तिच्यावरून गुप्त किल्ली काढता येण्याची शक्यता होती. सुमारे साडेसात लाख कार्डं त्यात सापडली. सरकारनं ही गोष्ट लपवली नाही, जाहीर केली, आणि नोव्हेंबरमध्ये त्या कार्डांची प्रमाणपत्रं, म्हणजे ‘ही किल्ली याच माणसाची’ अशी डिजिटल हमी, थांबवली. एका कारखान्यातली एक चूक आणि निम्म्याहून जास्त देश अडकलेला! कागदी कार्डाच्या बाबतीत असं एका झटक्यात होत नाही.

पण मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. कार्ड टेकवलं की रीडरच्या मागे कुठेतरी एक ओळ लिहिली जाते: कोण, कुठे, किती वाजता. दवाखान्यातली एक ओळ, बँकेतली एक, वाचनालयातली एक. सुट्या ओळींतून फारसं काही कळत नाही. पण सगळीकडे क्रमांक तोच असला, की त्या ओळी एकमेकींना जोडता येतात, आणि मग माणसाचं अख्खं आयुष्य वाचता येतं.

अशा ओळींची वही काय करू शकते, हे जगानं चिप यायच्या कितीतरी आधी पाहिलंय. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंद अत्यंत टापटीप होती. त्यात प्रत्येकाचा धर्मही लिहिलेला होता. तो कुणाला त्रास द्यायला लिहिलेला नव्हता, कारभार सोपा व्हावा म्हणून लिहिलेला होता. 1940 मध्ये जर्मन सैन्य आलं. 1941 मध्ये नकल करायला महाकठीण असं ओळखपत्र सक्तीचं झालं, ते बनवलं होतं तिथल्याच याकोब लेंट्स नावाच्या कर्तबगार अधिकाऱ्यानं. ज्यूंच्या कार्डावर ‘जे’ हे अक्षर आलं. 27 मार्च 1943 च्या रात्री काही धाडसी लोकांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली. नोंदींचा थोडाच भाग जळला. त्या देशातल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी एक लाखाहून जास्त मारले गेले. वही तीच होती, मालक बदलला होता.

म्हणून बोटांच्या ठशांबद्दल मी इतकी हट्टी आहे. पिन बदलता येतो, बोट बदलता येत नाही. युरोपीय संघात ऑगस्ट 2021 पासून नव्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोन बोटांचे ठसे घालणं बंधनकारक झालं. कार्ड बनवण्यासाठी घेतलेले ठसे कार्यालयानं कार्ड दिल्यापासून 90 दिवसांच्या आत पुसावेत, असा नियमही आहे. मात्र त्यातच सोडलेली वाट आहे: देशाच्या कायद्याला गरज असेल तर ठेवता येतील. माझं बोट त्या वाक्यावर अडतं. ठसे चिपमध्ये राहिले तर ते माझ्या खिशात आहेत. मध्यवर्ती साठ्यात गेले तर ते दुसऱ्याच्या खिशात आहेत.

आता हेही सांगायला हवं, की चिप आपल्या बाजूनंही काम करू शकते. जर्मनीच्या 2010 च्या ओळखपत्राला ‘हा माणूस अठरा वर्षांचा आहे का?’ असं विचारता येतं, आणि ते फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतं. जन्मतारीख नाही, पत्ता नाही. प्रत्येक सेवेसाठी वेगळं टोपणनाव देण्याची सोयही त्यात आहे, म्हणजे दोन ठिकाणच्या ओळी जुळवणं अवघड. विचारणाऱ्यालाही आधी परवाना दाखवावा लागतो. छापील कार्डाला हे कधीच जमणार नव्हतं. ते हातात दिलं, की सगळंच दिलं.

आणि एस्टोनियात, जिथं 2017 ची ती चूक झाली, तिथंच नागरिक सरकारी संकेतस्थळ उघडून पाहू शकतो, की आपली माहिती कोणत्या कार्यालयानं कधी उघडली. सगळीच कार्यालयं त्यात नाहीत. पण वही वाचणाऱ्याचं नावही तिथं वहीत लिहिलं जातं, आणि ते पान ज्याच्याबद्दलची ती वही आहे, त्याला वाचता येतं.

नमस्कार.