देवासाठी टाइम काढायचा, पण कुठून?

नमस्कार मंडळी, ऐकून राहिले ना? आज देवाविषयी बोलायचं आहे, पण बाप्पा लगेच स्टेशन बदलू नका, प्रवचन द्यायला मी आली नाही. साधाच प्रश्न आहे. नागपुरात कोणालाही विचारा, महालात विचारा, मानेवाड्यात विचारा, धरमपेठेत विचारा, उत्तर एकच येते, "ताई, मन तर खूप होते हो, पण टाइमच नाही मिळत." अन् खोटं नाही बोलत कोणी. खरंच वाटते तसं.

आता टेकडीच्या गणपतीला जाऊन पाहा एखाद्या मंगळवारी नाहीतर संकष्टीला. बर्डीला म्हणजे सीताबर्डीला, रेल्वे स्टेशनच्या बाजूलाच आहे, नागपूरकराला पत्ता सांगायची गरज नाही. लाइन लागलेली असते, पोट्टे असतात, ऑफिसला जाणारे असतात, म्हातारे असतात, हातात दूर्वा, जास्वंद, नारळ. अन् दुसऱ्या हातात काय असते? मोबाईल. लाइन पुढे सरकते तसं रील पण सरकते. गाभाऱ्यापुढे आल्यावर दोन सेकंद हात जोडले, मागचा म्हणतो चला चला, की बाहेर, चप्पल, पार्किंग, संपलं. मग घरी येऊन म्हणायचं की दर्शन नीट झालंच नाही, गर्दी किती होती. अरे बाप्पा, गर्दी होती म्हणून तर इतका वेळ देवाच्या दारात उभं राहायला मिळालं! तो लाइनीतला सगळा वेळ देवाचाच होता नं, तो कुठं गेला?

मला म्हणायचं ते एवढंच आहे. टाइम कमी झाला असं मला वाटत नाही, कामांच्या मधले जे लहान लहान रिकामे तुकडे होते ते गेले. आपल्याकडे देवाचं नाव त्या तुकड्यांतच घेतलं जायचं. आधण येईपर्यंत, बस येईपर्यंत, पोळ्या शेकता शेकता, गाय दोहता दोहता. जात्यावर बसलेली बाई दळण पण करायची अन् ओवी पण म्हणायची, त्यासाठी तिनं वेगळा टाइम काढला नव्हता. आपल्या आज्या कुठं मोठ्या ध्यानाला बसायच्या? वाती वळता वळता ओठ हलत राहायचे, बस. आता त्याच तुकड्यात आपण फोन उघडतो. कुकरची शिट्टी व्हायची आहे, फोन. लिफ्ट यायची आहे, फोन. व्हरायटी चौकात सिग्नल लाल, फोन. बाथरूममधलं तर मी बोलतच नाही.

अन् हे असं आपोआप नाही झालं. पहिले इंटरनेटवर पान संपायचं, खाली "पुढचं पान" असं काहीतरी यायचं, तिथं माणूस थांबायचा, विचार करायचा की पुरे आता, उठू. 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या एका डिझायनरनं अशी सोय काढली की पान संपतच नाही, तुम्ही खाली जात राहा, नवीन येतच राहील. पुढे त्यालाच त्याचं वाईट वाटलं, तसं त्यानं जाहीर बोलूनही दाखवलं, पण तोपर्यंत ते सगळीकडे पोचलं होतं. म्हणजे थांबायची जागाच काढून टाकली. आता त्याच्या बाजूला आपली आरती ठेवून पाहा. आरती सुरू होते, कापूर पेटतो, मंत्रपुष्पांजली होते, प्रसाद वाटला की लोक चप्पल शोधायला लागतात. तिला शेवट आहे. माळेत 108 मणी असतात अन् वर मेरुमणी, तो ओलांडायचा नाही, तिथं थांबायचं अन् पुढची माळ करायची तर उलटं फिरायचं. ज्यानं कोणी ही माळ अशी ओवली त्याला माणसाचं मन चांगलं माहीत होतं, की याला कुठंतरी बोटाला लागेल असा थांबा पाहिजे. अन् माळेला वेळ किती लागतो, श्रीराम जय राम जय जय राम एकदा म्हणायला तीनचार सेकंद धरा, म्हणजे अख्खी माळ सहासात मिनिटांत होते. तेवढ्या वेळात रील पाहणाऱ्याला आपण बसलो कधी हेच आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, मी तर फोनवर देवाचंच पाहते. हाव, हे पण खूप चालू आहे. सकाळी पाच वाजल्यापासून गणपती, दत्त, गजानन महाराज, साईबाबा, गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, फॅमिली ग्रुपवर नुसता मारा. एका काकूला पाठवलं की ती चार ग्रुपला पाठवते, अन् वर लिहिलेलं असते की हे अकरा लोकांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल. मला याचा भारी राग येतो, स्पष्टच सांगते. देवाचा फोटो पुढं ढकलणं म्हणजे देवाजवळ बसणं नाही. पाठवणारी पाहत नाही, घेणारी पाहत नाही, दोघींच्या फोनची मेमरी भरते अन् मग पोट्टं येऊन सगळं डिलीट करून देते. लाइव्ह दर्शनाचं मात्र मी वेगळं धरते. जो माणूस अंथरुणाला खिळला आहे, ज्याच्या गुडघ्याची वाटी गेली, त्याला घरबसल्या पंढरपूर दिसते ही मोठी गोष्ट आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण चालत्याफिरत्या माणसाचं काय होते, दर्शन मिनिटभर अन् लगेच खाली क्रिकेट, त्याच्या खाली कोणाच्या तरी लग्नातला डान्स, त्याच्या खाली सोन्याचा भाव, अन् अर्ध्या तासानं आठवते की आपण दर्शनाला बसलो होतो.

आता एक गोष्ट जरा जोरात सांगणार आहे, घरातल्या माणसांनी रेडिओचा आवाज वाढवला तरी चालेल. देवासाठी वेळ काढा, पहाटे उठा, मन एकाग्र करा, हे सगळे सल्ले ज्या बाईच्या कानावर पडतात ती पहाटेच उठलेली असते! डबे, पाणी भरणं, सासूचं औषध, पोराची व्हॅन, मग स्वतःची नोकरी, संध्याकाळी परत ओटा. तिला म्हणायचं की बाई तू देवासाठी टाइम काढ? कशातून काढेल ती? अन् सणावारी तर अजूनच गंमत, महालक्ष्म्या बसल्या की घरात देव अडीच दिवस, अन् घरची बाई ते अडीच दिवस स्वयंपाकघरात, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबिल. जेवून तृप्त झालेले लोक म्हणतात काय प्रसन्न वाटून राहिलं हो घरात. तिला विचारा ती महालक्ष्म्यांसमोर शांत पाच मिनिटं कधी बसली. एखादी म्हणते की राबणं हीच माझी पूजा, अन् तिला मनापासून तसं वाटत असेल तर मी कोण बोलणारी. पण ते तिनं म्हणावं, सोफ्यावर बसलेल्यानं तिला सांगू नये.

यावर तोड आपल्याच खेड्यांत आहे. अखंड हरिनाम सप्ताह पाहिला असेल तुम्ही, विदर्भात गावोगाव होतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, रात्री दोन वाजता पण कोणीतरी वीणा गळ्यात घेऊन उभा असतो. कसं जमते? पहारा असतो. याची पाळी, मग त्याची पाळी, यादी लिहिलेली असते, आपली वेळ झाली की माणूस शेतावरून येतो, हातपाय धुतो, पहिल्याच्या गळ्यातून वीणा आपल्या गळ्यात घेतो, पहिला घरी जाऊन झोपतो. सातही दिवस अखंड कोणीच उभं राहत नाही, अन् तरी भजन तुटत नाही, कारण वेळ वाटून घेतला आहे. घरात असाच पहारा लावा नं. सकाळी वीस मिनिटं ओटा नवरा नाहीतर पोरगा सांभाळेल, दूध उतू गेलं तर जाऊ द्या, तेवढा वेळ बाई देवघरापुढे बसेल, नाहीतर नुसती बाल्कनीत बसेल, तिचा देव तिला जिथं भेटेल तिथं. संध्याकाळी तो बसेल. अन् बसलेल्या माणसाला "अगं माझा टॉवेल कुठं आहे" असं विचारायचं नाही, एवढा एक नियम पाळा.

दुसरी गोष्ट वेळ ठरवण्याची. "जमेल तेव्हा करू" म्हटलं की ते जमत नाही. ताजबागच्या दर्ग्याला जा, नाहीतर कोणत्याही मशिदीपाशी, दिवसातल्या पाच नमाजांच्या वेळा आधी ठरलेल्या, काम त्यांच्या आजूबाजूला बसवायचं. सदरमधल्या चर्चला रविवारची सकाळ ठरलेली. आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, त्यांनी हेच ओळखलं होतं, पहाटे सामुदायिक ध्यान अन् संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, हा नेम त्यांनी गावोगाव लावून दिला, जात पंथ न विचारता सगळे एका ओळीत. ते 1968 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. अजून दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला, आपल्या अमरावती रोडवरच आहे, संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो लोक मौन उभे राहतात. लाखो! इतकी माणसं, लेकरं, चहावाले, खेळणीवाले, अन् एकदम चूप. तिथं कोणी म्हणत नाही की मला पाच वाजून दहा मिनिटांनी सोयीचं पडेल.

ज्यांना देव वगैरे मानायचं नाही त्यांच्यासाठी पण सांगते, कळमेश्वर रोडला माहुरझरीला विपश्यनेचं केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर असते, फोन पहिल्याच दिवशी जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. तिथं देवाचा विषयच नाही, मनाचा आहे. पण सगळ्यांना काही दहा दिवस सुट्टी मिळत नाही, अन् खरं सांगू का, दहा दिवस जाऊन आल्यावर अकराव्या दिवशी बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये काय होते तेच खरं पाहायचं असते.

म्हणून मी लहानच सांगते. ज्ञानोबांनी हरिपाठाच्या पहिल्याच ओळीत किती वेळ मागितला आहे? क्षणभर. देवाच्या दारी क्षणभर उभा राहा म्हणाले, तास दोन तास नाही म्हणाले. आपणच ते मोठं करून ठेवलं, सोवळं पाहिजे, आसन पाहिजे, शांतता पाहिजे, अन् हे सगळं जमलं की मग बसू, अन् जमतच नाही. मेट्रोनं खापरीहून बर्डीला येता नं, तेवढ्यात हरिपाठाचे दोनचार अभंग आरामात होतात, फोन बॅगेत टाका, बॅगेची चेन लावा. दिवेलागणीला घरी असाल तर दिवा लावा, अन् दिवा लावल्यावर लाइट, टीव्ही, फोन यांच्याकडे न पाहता जरा उभे राहा. हिवाळ्यात नागपूरला साडेपाचलाच अंधारून येते, तेव्हा तुम्ही ऑफिसात असणार, तर मग रात्री जेवणानंतर लावा, देव काही घड्याळ घेऊन बसला नाही, तुम्ही मात्र बसा.

अन् एक वस्तू विकत आणा, गजराचं घड्याळ, बर्डीवर मिळते अजून. कारण आपण गजर फोनमध्ये लावतो, सकाळी बंद करायला फोन हातात घेतो, अन् तिथंच दिवसाची सुरुवात दुसऱ्याच्या हातात जाते, रात्रीतून कोण काय बोललं, कोणाला किती लाइक. "कराग्रे वसते लक्ष्मी" म्हणून जो तळहात पाहायचा त्यात आधीच स्क्रीन आलेली असते. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवा. बाहेरगावी लेकरं आहेत, रात्री फोन आला तर? रिंग मोठी ठेवा, ऐकू येते.

पोरांना मात्र धरूनबांधून बसवू नका. तुम्ही स्वतः पलंगावर पडून फोन पाहता अन् त्याला म्हणता "जा, शुभंकरोती म्हण", तो म्हणेल पण, अन् डोळे तुमच्या फोनकडेच असतील. तुम्ही बसा, तो येऊन चिडवेल, पाठीवर चढेल, काय करून राहिली विचारेल, विचारू द्या.

शेवटचं एक, लोक नेहमी विचारतात म्हणून. बसलं की मन लागत नाही, भाजी काय करायची, ईएमआय गेला की नाही, हेच डोक्यात फिरते. फिरणारच. ज्यांनी आयुष्य घातलं त्यांचंही मन पळायचं, संतांनी देवाजवळ याच तक्रारी केल्या आहेत. तर मन लागलं नाही म्हणून उठू नका, अन् मन लागलं म्हणून जास्त वेळ बसून ऑफिसला उशीर पण करू नका. ठरवलेली माळ झाली की उठा, आसन उचला अन् कामाला लागा, उद्या परत त्याच वेळेला. चला, बातम्यांची वेळ झाली, मला इशारा करून राहिले इथून, येते मी. नमस्कार.