एक अख्खं मिनिट

परिचारिका मुलींनो, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जखम, श्वसन आणि औषध’. तिन्ही घेणार आहे. पण सुरुवात मधल्यापासून करते, कारण इतकी वर्षं मला अस्वस्थ करतंय ते मधलंच.

आज सकाळी टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, कोणी कोणी भरला? हात वर करा. बऱ्याच जणी आहेत. टेम्परेचर थर्मामीटर लावून घेतलंत. पल्स मनगट धरून. आणि रेस्पिरेशन? हसलात ना, म्हणजे उत्तर मिळालं. वीस! चाळीस खाटांचा वॉर्ड असो, चाळीसही कागदांवर वीस. एक जण गाढ झोपलाय, एक नुकताच जिना चढून आलाय, एकीच्या पोटात पाणी झालंय, सगळ्यांचे वीस. मुलींनो, भजनी मंडळातसुद्धा सगळ्यांचा श्वास एका वेळी सुटत नाही.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. रुग्णालयाचं नाव घेत नाही. ऑर्थोच्या वॉर्डात एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनचा तिसरा दिवस. रात्रपाळी माझी. दहा वाजता त्यांच्या कागदावर मी वीस लिहिले. मोजले नव्हते. आधीच्या पाळीत वीस होते, त्याच्या आधीही वीस, मी तेच खाली उतरवलं. अंगात ताप नव्हता, नाडी ७६, म्हणून मी निर्धास्त. आजींना रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल चालू होतं. ते औषध नाडीला वर जाऊ देत नाही, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं; खाटेजवळ आठवलं नाही.

दोन वाजता सून आली. “सिस्टर, आत्याबाई संध्याकाळपासून बोलताना मधेच थांबतायत. दम पुरत नाही त्यांना.” मी म्हटलं, वय झालंय, झोपू द्या त्यांना. ती हलली नाही. टेबलापाशी तशीच उभी राहिली. ती उभी राहिली म्हणूनच मी उठले. आजींचं मनगट धरलं, नजर छातीवर ठेवली आणि घड्याळातलं मिनिट पूर्ण होऊ दिलं. चौतीस. पुन्हा मोजले, छत्तीस. डॉक्टरांना उठवलं. न्यूमोनिया होता. आजी वाचल्या, पण आयसीयूत नऊ दिवस काढून. त्यांचे ते चार तास माझ्या अक्षरात ‘वीस’ म्हणून लिहिलेले आहेत. त्या सुनेची मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही आलात ना.” मला ते आजही पुरेसं वाटत नाही.

म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. रक्तदाब पुष्कळदा उशिरा पडतो. श्वास आधी वाढतो. हल्ली बोटाला ऑक्सिमीटर लावून ९६ दिसले की आपण पुढच्या खाटेकडे वळतो. पण ते ९६ राखायला माणूस मिनिटाला तीस वेळा छाती उपसतोय का, हे त्या यंत्राला दिसत नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली ‘न्यूज’ नावाची गुणपद्धती आली; रुग्ण ढासळतोय का ते गुणांवरून ओळखायचं, गुण जास्त तितका धोका जास्त. तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त भरले की त्या एका नोंदीला तीन गुण, म्हणजे एका नोंदीला मिळू शकतात तेवढे सगळे.

आणि मोजायला फार शिक्षण लागतं असंही नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या दायांसाठी मण्यांचं साधन केलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शंभरापर्यंत आकडे न येणाऱ्या बायकांनी त्यावर न्यूमोनिया ओळखला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. तितके किंवा जास्त भरले की श्वास जलद. आशाताईंना हे आकडे तोंडपाठ असतात. आपणही ते वॉर्डात वापरायला हवेत.

मोजताना रोग्याला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी हात तसाच धरून ठेवा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. एक चुकला की चार चुकतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर जखम.

‘रुपयाएवढी जखम’ असं लिहू नका. कुठला रुपया? जुना की नवा? कागदी पट्टीनं लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, खोली निर्जंतुक स्वॅबनं. डोक्याची बाजू बारा, पायाची सहा, असं घड्याळ धरून कातडीखाली पोकळी कुठे आहे ते लिहा. तळ लाल-गुलाबी म्हणजे भरतेय, पिवळा चिकट थर म्हणजे मेलेला भाग, काळा असेल तर वर कळवा. स्राव आणि वास ड्रेसिंग काढल्या काढल्या नोंदवा. पुस्तकं सांगतात, बेडसोअरची पहिली खूण लाली. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली बऱ्याचदा दिसत नाही. माकडहाड आणि टाचेवर हाताची पाठ लावा. ऊन लागतंय का, कडक लागतंय का, ते बघा.

औषध. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे पाच तुम्हाला पाठ आहेत. “तुम्ही शिंदे ना?” असं विचारू नका, कमी ऐकू येणारे बाबा कशालाही हो म्हणतात. “तुमचं पूर्ण नाव सांगा” म्हणा आणि कागदाशी ताडून बघा. इन्सुलिनची बाटली ४० ची की १०० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट की १००, ते दरवेळी वाचा. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजनं वीसच्या खुणेपर्यंत भरलंत तर पन्नास युनिट जातात. पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट कधीच ढकलायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाश.

आणि पुन्हा श्वासाकडेच येते. मॉर्फिननं श्वास मंदावतो, म्हणून ते देण्याआधी मोजा. प्रसूती कक्षात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतो, पण तेही जास्त झालं तर श्वास दाबतं; म्हणून पुढचा डोस देताना श्वास निदान १६ हवेत, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडायला हवा, लघवी तासाला निदान ३० मिली हवी. यातलं एकही कमी असेल तर डोस थांबवा, डॉक्टरांना बोलवा आणि त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी ठेवा. तिथे सवयीनं वीस लिहिले तर त्या बाईचा श्वास थांबू शकतो.

वेळ संपली. प्रसूती कक्षात ज्यांची पाळी आहे त्यांनी थांबा. डोसआधी भरायचा तक्ता मी हातानं आखून आणलाय, तो घेऊन जा.